गोड वासाचे 18,400

18,400 रुपये, गाडीच्या दुरुस्तीचे म्हणून गॅरेजवाल्याने घेतलेले. फोड करून सांगतो: हीटर कोअर (इंजिनाच्या उष्णतेवर आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) 7,800, डॅशबोर्ड उतरवून परत बसवायची मजुरी 6,500, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) 1,200, एसी गॅस 2,900. यातलं एकही काम झालेलं नाही. एकही!

दुखणं काय होतं? भर पावसात समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली. बटण काचेच्या खुणेवर फिरवलं तरी हवा आपली पायाशीच. आणि गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून टिक-टिक-टिक, दहाएक सेकंद, मग गप्प. एवढ्यावरून ज्यांना कळलं असेल त्यांनी खुशाल हसून घ्यावं. हवा काचेवर, तोंडावर की पायाशी सोडायची हे आतली झडप ठरवते. ती फिरवायला मुठीत मावेल एवढी एक मोटर असते, अ‍ॅक्चुएटर म्हणतात तिला. तिच्या प्लास्टिकच्या चक्राचा दात तुटला की चक्र जागच्या जागी घसरतं. तोच टिकटिकाट. हे ज्ञान मला 18,400 गेल्यावर झालं.

गॅरेजवाल्याने काचेवरून आतून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. "साहेब, तेलकट लागतंय बघा. हीटर कोअर गळतोय. कूलंटची वाफ काचेवर बसते." मग ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारा पंखा, फुल करून विचारलं, "गोड वास येतोय ना?"

मला कसलाही वास येत नव्हता. आणि मी म्हणालो, "हो, थोडासा येतोय."

का म्हणालो? तो जाणकार, आजूबाजूला चार पोरं उभी, आणि आपल्याला साधा वाससुद्धा ओळखता येत नाही असं दिसायला नको म्हणून. या एका "हो"वर मी कितीतरी रात्री कूस बदलत काढल्या आहेत. बरं, मी काही अगदीच अडाणी नाही. टायर स्वतः बदलतो, कूलंटची पातळी दर पंधरवड्याला बघतो. अरे, मग ती पातळी वर्षभर केसभरही उतरली नव्हती, तर गळत काय होतं? बाजूच्या सीटपुढचं, पायाखालचं कार्पेट खडखडीत कोरडं होतं. हीटर कोअर गळला की बहुधा तिथे ओल येते. आणि काचेवरचा तेलकटपणा? उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमुळेही काचेवर तसा थर धरतो. एवढं मात्र तो खरं बोलत होता: गळका हीटर कोअर खरंच गोडसर वास मारतो. वास खरा, कोअर खरा, फक्त माझ्या गाडीत नव्हता.

तीन तासांत फोन आला, "गाडी तयार." डॅशबोर्ड उतरवून हीटर कोअर बदलणं म्हणजे बहुतेक गाड्यांत दिवस मोडायचं काम. तीन तासांत! मला उलट कौतुक वाटलं. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात टाकला. बोनेट उघडून बाटलीत डोकावलो असतो तरी पुरे होतं, तेच जुनं मातकट कूलंट त्याच रेघेवर होतं. नाही डोकावलो. टिकटिक थांबली होती, हवा काचेवर येत होती, मी खूश.

महिन्याभराने ऊन पडलं आणि हवा तोंडावर घ्यायला गेलो तर येईना. कुठलंही बटण दाबा, काचेवरच. मुलीला टॉर्च धरायला सांगून पायाशी उताणा झोपलो. मोटरचा प्लग उपटून लोंबकळत ठेवलेला! झडप हाताने काचेकडे ढकलून दिली, वायर काढली, झालं काम. मोटर उघडली तर पांढऱ्या चक्राचा एक दात गायब. नवी मोटर 1,650. दीड तास आणि आखडलेली मान धरून मीच बसवली. (तिथे हात घालणार असाल तर पिवळ्या प्लगना हात लावू नका, ते एअरबॅगचे.)

आता दाद मागायची गोष्ट. चौकीत म्हणाले, "पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत ना? मग ही दिवाणी बाब." गाडीच्या कंपनीला फोन केला तर बाहेरच्या गॅरेजची जबाबदारी आमची नाही. ग्राहक तक्रारीच्या नंबरवर चार वेळा लावला. एकदा तर 40 मिनिटं नुसती पेटी वाजत होती. मग विचारतात, पक्कं बिल आहे का? नाही हो, असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? कोऱ्या कागदावर पेनने लिहिलेली बेरीज, ना शिक्का ना सही. मग म्हणे कोअर जुनाच आहे असं दुसऱ्या मेकॅनिककडून लिहून आणा. तीन जणांनी बघून "जुनाच आहे" म्हटलं, लिहून एकानेही दिलं नाही. आणि परवा मेसेज आला: तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कोणी काढली? माझ्याशी न बोलताच?

तुम्ही निदान एवढं करा. हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे) काढून बघा, धुळीने भरलेली असते. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतोय? बहुधा रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा छोटा पार्ट) गेलाय, अख्खा ब्लोअर बदलू देऊ नका. काच आतून धुरकटली तर आतलीच हवा फिरवायचं बटण बंद, एसी चालू, सोबत हीटर; एसी हवेतली ओल शोषतो. जुना पार्ट हातात पडेपर्यंत पैसे सोडू नका. आणि वास आला नाही तर "नाही" म्हणा.

शेवटी मी त्यालाच फोन लावला. प्लगचं सांगितलं, कूलंटचं सांगितलं, आवाज चढवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, गोड वास येतोय असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"