जुन्या लॅपटॉपला एसएसडी, वर्षभराचा अनुभव: ड्राइव्ह चांगली, पण आधी हार्डडिस्कची केबल बघा

गेल्या महिन्यात एका सर्व्हिस सेंटरवाल्याने माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेलाय असं सांगून साडेनऊ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं, वर सल्ला की साहेब एवढे घालण्यापेक्षा नवीनच घ्या. म्हणून हे लिहायला बसलोय. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. ड्राइव्हपासून बोर्डापर्यंत जाणारी साडेचारशे रुपयांची केबल बदलली आणि लॅपटॉप व्यवस्थित चालू आहे. साडेनऊ हजार कुठे आणि साडेचारशे कुठे. एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काहीही न फिरणारी चिपवाली ड्राइव्ह) टाकून बघा असं सगळेच सांगतात, मीही तेच सांगणार आहे, पण या केबलबद्दल कोणी बोलत नाही.

मशीन २०१३ चं, थर्ड जेन आय५ (इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर), मूळची ५०० जीबीची ५४०० आरपीएम (मिनिटाला ५४०० फेरे) हार्डडिस्क. रॅम ४ ची ८ केलेली. बायको घरी शिकवणी घेते, तिच्या प्रश्नपत्रिका, नोट्स सगळं याच्यावर, आणि आमच्या सोसायटीचा हिशोब माझ्याकडे असतो तोही याच्यावर. नवीन लॅपटॉप घ्यायला चाळीस-पंचेचाळीस हजार लागत होते आणि आमचं काम वर्ड, एक्सेल, पीडीएफ आणि ब्राउझर एवढंच आहे, त्यामुळे ४८० जीबीची साधी अडीच इंची साटा (ड्राइव्ह बोर्डाला जोडायची एक पद्धत) एसएसडी घेतली, तेव्हा अडीच हजारांच्या आसपास पडली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या बजेटमधल्या ड्राइव्ह सगळ्या जवळपास सारख्याच, आतमध्ये डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची जलद मेमरी) नाही, कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) साधा.

वेगाचं आधी सांगून टाकतो. चालू करून खरंच काम करता येईपर्यंत तीन-चार मिनिटं जायची, आता पंचवीस सेकंदांच्या आत वर्ड उघडलेलं असतं. लोक ५०० एमबी पर सेकंदचे स्क्रीनशॉट टाकतात, पण फरक तिथे नाहीये, फरक आहे बारीक बारीक फाइली वाचण्यात. जुन्या डिस्कवर ४के रँडम रीड (इकडचे तिकडचे ४ केबीचे तुकडे वाचायचा वेग) सेकंदाला अर्धा एमबी पण येत नव्हता, एसएसडीवर पंचवीसच्या आसपास येतो. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून वाचतं आणि डिस्कचं हेड प्रत्येक वेळी हलायला दहा-बारा मिलिसेकंद खातं, सगळा वेळ तिथे जायचा. आधी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसायची आणि प्रोसेसर निवांत, आता तसं अजिबात होत नाही. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं की नवीन आणला का, एवढा फरक. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) न करता विंडोज नव्याने टाकलं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय आहे ना ते बघून घेतलं, बाकी काही करायला लागलं नाही.

सुरुवातीला एका गोष्टीने डोकं फिरवलं होतं. मुंजीचे व्हिडिओ, ६० जीबीच्या वरचं फोल्डर, एकदम कॉपी केलं तर पहिले काही जीबी जोरात गेले आणि मग वेग सेकंदाला ७०-८० एमबीवर आला तो वर गेलाच नाही. कॅशे (डेटा आधी पटकन घेणारी छोटी जागा) भरली की स्वस्त ड्राइव्हचं असं होतं हे वाचलेलं होतं, तरी राग आला, तेव्हा दोन स्टार देणार होतो. आता वाटतं तो मुद्दा आमच्यासाठी फारसा नाही. एवढी मोठी कॉपी आम्ही वर्षात किती वेळा करतो? ज्यांचं व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे त्यांनी मात्र मोठ्या कॉपीतही वेग टिकवणारी वरच्या दर्जाची ड्राइव्ह घ्यावी, नाहीतर त्यांना हे रोज सोसावं लागेल.

खरा त्रास सात-आठ महिन्यांनी चालू झाला. काम करता करता लॅपटॉप गोठायचा. माउस हलतोय, पण कशावर क्लिक केलं तर काही नाही, डिस्कचा दिवा पेटून राहिलेला, अर्धा-एक मिनिट असं आणि मग जणू काही झालंच नाही असं सगळं परत चालू. आधी आठवड्यातून कधीतरी, मग रोज, आणि परीक्षेच्या दिवसांत तर बायकोला पेपर टाइप करताना दर दहा ओळींनी सेव्ह करावं लागत होतं. एकदा तर चालू करताना बूट डिव्हाइसच सापडत नाही असा मेसेज आला, बंद करून परत चालू केला तर सापडलं. माझं मत तेव्हा पूर्ण फिरलं होतं, स्वस्तातली एसएसडी कोणी घेऊच नका असं सगळ्यांना सांगत होतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. त्यांनी एसएसडी काढून माझी जुनी हार्डडिस्क लावून बघितली, ती दिवसभर नीट चालली, म्हणाले एसएसडी कंपॅटिबल नाही या मॉडेलला. मी म्हटलं अहो सात महिने चालली की, आज कशी कंपॅटिबल नाही? मग त्यांच्याकडची दुसरी एसएसडी लावली, तीही अडकायला लागली, तर निष्कर्ष बदलला, बोर्ड गेलाय. तपासणीचे पाचशे घेतले ते वेगळेच. केबल काढून बघितली का विचारलं तर म्हणे केबलला काय होतंय. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण दोन वेगवेगळ्या एसएसडी एकाच जागी अडकतात आणि जुनी डिस्क त्याच जागी चालते म्हटल्यावर पहिला संशय केबलवरच यायला पाहिजे, आणि रोज हेच काम करणाऱ्या माणसाला ते कळायला पाहिजे.

का ते सांगतो. माझी जुनी डिस्क साटा-२ ची, म्हणजे सेकंदाला ३ गिगाबिटवाली. बोर्डवरचा पोर्ट ६ गिगाबिटचा, एसएसडीही ६ ची. म्हणजे इतकी वर्षं त्या केबलवरून ६ गिगाबिटचा सिग्नल कधी गेलाच नव्हता, तो एसएसडी लावल्यावर जायला लागला. कमी वेगाला जी केबल तग धरते ती दुप्पट वेगाला धरेलच असं नाही. टाकीत पाणी भरपूर आणि मधला पाइप कुजलेला, तसला प्रकार. त्यामुळे जुनी डिस्क चालते म्हणून केबल ठीक आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका.

घरी आणून क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) उघडलं. हेल्थ ९७ टक्के, खराब सेक्टर शून्य, पण खाली सी७ नावाची ओळ असते, अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट, तिथे आकडा हजारांत. ही ओळ ड्राइव्हच्या आतल्या बिघाडाची नसते, ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवर डेटा किती वेळा खराब पोचला ते ती मोजते. (ते आकडे मुळात हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत) दिसतात, सेटिंगमध्ये रॉ व्हॅल्यू दहाच्या पद्धतीवर करून घ्या, नाहीतर काहीच कळत नाही.) वर ट्रान्सफर मोडमध्ये साटा/३०० आणि पुढे साटा/६०० असं दिसत होतं, म्हणजे ड्राइव्ह ६०० ची पण चुका होऊन होऊन लिंक ३०० वर उतरलेली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (चुकांची नोंदवही) सिस्टमच्या लॉगला १२९ आणि १५३ नंबरच्या वॉर्निंग ओळीने लागलेल्या, १२९ म्हणजे डिव्हाइस रीसेट केलं, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं परत करून बघावं लागलं, आणि वेळा बरोबर गोठण्याच्या वेळांशी जुळत होत्या. मग तीच एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून भाच्याच्या लॅपटॉपला लावली, तासभर इकडून तिकडे फाइली कॉपी केल्या, सी७ जागचा हलला नाही. ड्राइव्ह निर्दोष. हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं आणि बघायला अर्धा तास लागत नाही, तरी गिऱ्हाइकाला साडेनऊ हजारांचं एस्टिमेट देण्याआधी कोणी बघितलं नाही याचा मला खरोखर संताप आहे.

सगळ्या लॅपटॉपला अशी केबल नसते. काहींमध्ये ड्राइव्ह थेट बोर्डच्या कनेक्टरमध्ये सरकते, त्यांना हा प्रश्न नाही. माझ्यात चपटी पट्टी आहे, डीव्हीडी ड्राइव्हच्या कडेने वळून बोर्डाकडे जाते. लक्ष्मीपुरीतल्या एका छोट्या दुकानात दाखवली, त्या दादांनी भिंगाखाली धरून वळणावरची चीर दाखवली, मॉडेल नंबर घेतला, आठवड्याने केबल मागवून बसवून दिली. केबलचे साडेचारशे, मजुरी शंभर. त्यांनी अजून एक दाखवलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाडीची होती आणि एसएसडी सात मिलिमीटरची. ज्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह चार स्क्रूंनी पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये आवळतात तिथे याने काही बिघडत नाही, पण माझ्यात ती रबराच्या कडांमध्ये नुसती बसते, मग पातळ ड्राइव्ह खाली लोंबते आणि तिचा ताण कनेक्टरवर आणि पट्टीच्या वळणावर येतो, लॅपटॉप उचलला-ठेवला की दरवेळी. काही कंपन्या बॉक्समध्ये अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट देतात, माझ्या बॉक्समध्ये नव्हती. चार-पाच रुपयांचं प्लास्टिक, ते वाचवून कंपनीला काय मिळतं देव जाणे. दादांनी त्यांच्याकडची एक पडलेली लावून दिली, पैसे घेतले नाहीत.

केबल बदलल्यापासून एकदाही गोठला नाही. सी७ चा आकडा शून्य होत नाही, तो तसाच राहतो, त्यामुळे घाबरू नका, तो वाढतोय का एवढंच बघायचं. माझा होता तिथेच आहे आणि ट्रान्सफर मोड दोन्हीकडे साटा/६००.

आता मत परत बदललंय हे उघड आहे. तक्रार उरली ती त्या चौकटीची. वर्षभरात ड्राइव्हवर साडेपाच टीबीच्या आसपास लिहून झालंय, कंपनीने हमी दिलेली मर्यादा याच्या कितीतरी पुढे आहे, आमच्या वापराला तिथपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागतील, त्यामुळे एसएसडी लिहून लिहून झिजते ही भीती घरगुती वापरवाल्यांनी सोडून द्यावी. ४८० ची विंडोजमध्ये ४४७ दिसते, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. डीफ्रॅग (हार्डडिस्कसाठीची फाइलींची जुळवाजुळव) करू नका, एसएसडीला लागणारी साफसफाई, म्हणजे ट्रिम, विंडोज स्वतःच करतं.

एक अडचण एसएसडीने सुटत नाही ती विंडोजची. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला अधिकृतपणे किमान इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आमचं मशीन बाहेर. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम) टाकून बघितलं, सुंदर पळतं, ब्राउझर आणि सोसायटीचा हिशोब तिकडेच करतो आता. पण बायकोचे जुने पेपर आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्टमध्ये आहेत, युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत) नाहीत, आणि ते ती आयएसएममध्येच सुधारते, त्यासाठी विंडोज ठेवावंच लागलं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून जादा सिक्युरिटी अपडेट घेतले, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. तोवर पेपर एकेक करून युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे, ती रोज संध्याकाळी दोन-तीन करते.

एसएसडीचे भाव गेल्या काही महिन्यांत चढलेत, मी घेतली त्या भावात आज मिळणार नाही, तरी चालू स्थितीतल्या जुन्या लॅपटॉपला हा खर्च करण्यासारखा आहे. जुनी हार्डडिस्क फेकू नका, यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. आणि एसएसडी बसवून घेताना दुकानदाराला तीन गोष्टी तोंडावर विचारा: माझ्यात केबल आहे की थेट कनेक्टर, सात मिलिमीटरची ड्राइव्ह आत हलते का, आणि बसवल्यावर सी७ चा आकडा किती आहे. तो आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवा, पुढे लॅपटॉप अडकायला लागला तर दुकानात जायच्या आधी तोच परत बघा.