१२×१२ ची एचडीपीई ग्रो बॅग: जास्वंदीसाठी घ्यावी का?

आठ इंची कुंडीतली जास्वंद वर्ष-दीड वर्षात अडते. पाणी घातलं की लगेच खालून बाहेर, तळाच्या भोकांतून मुळं डोकावलेली, कळ्या गळतात, पानं लहान येतात. तिला मोठं घर म्हणून हल्ली बहुतेक जण पांढरी, एचडीपीई या टिकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली ग्रो बॅग उचलतात. २४० जीएसएमची (म्हणजे कापडाचं वजन चौरस मीटरला २४० ग्रॅम), १२ इंच व्यास आणि १२ इंच उंचीची बॅग जास्वंदीला जमते. पण तीन गोष्टी घेण्याआधीच बघाव्यात.

पहिली, माप. गोल तळाच्या बॅगेत १२ म्हणजे खरोखर व्यास, आणि तिच्यात साधारण २२ लिटर मावतात. नर्सरीच्या काळ्या पिशवीवरचा १२ हा आकडा मात्र सपाट रुंदीचा असतो. ती भरून गोल झाली की व्यास उरतो साडेसात इंच, म्हणजे आहे त्या कुंडीहून लहानच. ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका, ‘व्यास’ लिहिलंय का ते वाचा. थेट १८ इंचावर उडी मारण्यातही अर्थ नाही. मुळं पोचलेली नसतात तिथली माती पावसाळ्यात आठवडाभर ओली राहते आणि मुळं कुजायला तिथूनच सुरुवात होते.

दुसरी, शिलाई. कापड टिकतं, पण साध्या दोऱ्याची शिवण उन्हाने आधी उसवते. तळाची शिवण दुहेरी हवी. मूठ तर भरवशाची नाहीच. ओल्या मातीसकट बॅग २० ते २५ किलोची होते. मुठीला धरून उचलली की बॅग लोंबते, आत हुंडीला, म्हणजे मुळांनी धरलेल्या मातीच्या गोळ्याला, तडा जातो आणि बारीक मुळं तुटतात. झाड आठ दिवसांनी मान टाकतं आणि दोष खताला दिला जातो. त्यामुळे बॅग जिथे कायम राहणार तिथेच, दोन विटांवर ठेवून भरायची.

तिसरी, भोकं. हीच या बॅगेची खरी खोट. बऱ्याच बॅगांना दोन-चारच भोकं असतात, तीही तळापासून अर्धा-पाऊण इंच वर, बाजूला. म्हणजे तळाशी पाणी साचणारच. तळालाच सहा-आठ भोकं वाढवा. कात्रीने नको, विणीचे धागे सुटत जातात. स्क्रूड्रायव्हरचं टोक गॅसवर तापवून टोचलं की कड वितळून जागीच बसते. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र येतो. भोकांवर जाळीचा तुकडा पुरे. तळाला दोन इंच खडी घालायची जुनी रीत इथे सोडून द्या, पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागाही जाते.

झाड हलवायला जूनअखेर ते जुलै किंवा फेब्रुवारीचा शेवट बरा. मिश्रण १५ लिटर लागतं: ५ लिटर बागेची माती, ४ लिटर गांडूळखत, ४ लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), २ लिटर जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट दोन पाण्यांतून काढा, त्यात क्षार असू शकतात. तळाला तीन इंच मिश्रण घालून कडा मुठीने दाबा, नाही तर बॅग पुढे एका बाजूला कलते.

आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या. सकाळी कुंडी आडवी करून बाजूंनी थापट्या मारा, हुंडी अख्खी सुटते. खोड धरून ओढू नका. गोल गोल वळलेल्या मुळांवर ब्लेडने तीन-चार उभे, सेंटिमीटरभर खोल छेद द्या. हुंडी चिकणमातीची असेल तर तशीच लावू नका. पाणी तिला वळसा घालून भुसभुशीत मातीतून निघून जातं आणि हुंडी आत कोरडी ठणठणीत राहते. अर्धा तास बादलीत बुडवून बाहेरचा इंचभर थर बोटांनी मोकळा करा. खोड आधी होतं तेवढंच मातीत राहू दे, वर दोन इंच काठ सोडा, खालून पाणी निथळेपर्यंत घाला. आठ-दहा दिवस सावली, तीन आठवडे रासायनिक खत बंद. खालची चार पानं पिवळी पडली तर घाबरायचं कारण नाही. पंधरवड्यात माती इंचभर खाली बसते, तेव्हा वरून भर घाला.

काळी फेल्टची (जाड, दाबलेल्या कापडाची) बॅग मुळांना हवा जास्त देते, कोकणातल्या पावसात ती सरस. पण विदर्भातल्या मे महिन्यात तिला दिवसातून दोन वेळा पाणी लागेल, शिवाय गच्चीवर डाग पडतात ते वेगळंच.

पांढऱ्या बॅगेचा एक फायदा मात्र कुंडीला नाही. पुढच्या वेळी झाड काढायला ओढाताण नको. बाजूची शिवण ब्लेडने वरपासून खालपर्यंत उसवा, बॅग सोलल्यासारखी उघडते आणि हुंडी जागेवरच उभी राहते.