आठ दिवसांची ‘शाळा बांधू या’ मिशन ट्रिप: पाचपैकी तीन तारे

आधी पैशाचं सांगते. अठ्ठावीस वर्षं सोलापुरात बांधकाम साहित्याच्या दुकानात हिशेब लिहिते, त्यामुळे मला दुसरीकडून सुरुवातच करता येत नाही. माणशी ५,८०० रुपये. आम्ही चोवीस जण, म्हणजे जमले १,३९,२००. त्यात बस, मुक्काम, तीन वेळचं जेवण, टी-शर्ट आणि उरलेलं बांधकामाला. टी-शर्ट २६० रुपयांना एक पडला. चोवीसचे झाले ६,२४०. तेवढ्यात आमच्या दुकानातून सिमेंटची सोळा पोती जातात. पहिल्याच दुपारी घामाने टी-शर्टचा निळा रंग सुटला आणि सगळ्यांच्या माना निळ्या झाल्या, ते वेगळंच.

ट्रिप नेणाऱ्या ग्रुपचं नाव लिहीत नाही. आपलीच मंडळी आहेत, पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसायचंय. कुणी विचारलं तर तोंडावर सांगेन.

गाव अक्कलकोट तालुक्यातलं, सीमेकडचं. अर्धं गाव घरात कन्नड बोलतं. तिथे एका संस्थेची चौथीपर्यंतची शाळा पत्र्याच्या दोन खोल्यांत भरते. तिच्या शेजारी दोन पक्क्या खोल्या उभ्या करायच्या, असा बेत. कॉलम आधीच उभे होते. काळी माती खोल काढून मुरूम लागेपर्यंत पाया नेलेला, जोत्याचा बीमही झालेला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरवर पाया घेतला की दोन वर्षांत भिंत दाखवून देते. हे सगळं मिस्त्रींनी आम्ही यायच्या आधी चोख करून ठेवलं होतं. आमच्या पत्रकात मात्र ‘आपण पायापासून शाळा उभारणार’ असं होतं.

महिना मे. आयोजकांचं म्हणणं, मुलांना सुट्ट्या, नोकरदारांना रजा मिळते, दुसरा काळ सोयीचा नाही. सोलापूरच्या माणसाला मे महिना काय असतो ते सांगायला नको. चाळिशीच्या वर पारा, बोअर आटलेले, आणि शाळेत एकही पोर नाही, कारण शाळेलाही सुट्टी. ज्यांच्यासाठी गेलो त्यांची तोंडं बघायला मिळाली ती फक्त संध्याकाळी, वाळूच्या ढिगावर घसरगुंडी खेळताना.

जेवण ठीक. सोलापुरातून आणलेला ब्रेड-जॅम तिसऱ्या दिवशी कुणी खाईना, मग समोरच्या घरातून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक सुरू झालं. ट्रिपच्या पैशातलं सगळ्यात चांगलं ते. झोपायला पत्र्याची खोली होती, पण आम्ही सगळे बाहेर अंगणातच पडायचो. बायका अकरा आणि संडास एक, तोही समोरच्या घरातला. यावर मला आयोजकांशी बोलावं लागलं, आणि ते स्वतःसाठी नव्हे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत मुलामुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहं लागतात. नकाशात ती होती. वेळापत्रकात मात्र ‘पुढच्या टप्प्यात’. आणि याच टप्प्यात काय होतं? पत्र्याच्या खोलीच्या भिंतीवर बायबलातलं नोहाचं तारू रंगवणं. जिराफ सुंदर आलाय, खोटं बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. सकाळची उपासना आम्ही आमच्यातच, उजाडायच्या आत, बसच्या मागे उभं राहून करायचो. शाळेच्या आवारात ना पत्रकं वाटली, ना भाषणं. पाळकसाहेबांनी निघतानाच बजावलं होतं, “आपण हमाली करायला चाललोय, तेवढीच करायची.” गावातल्या मठातल्या बुवांनी दुसऱ्या दिवशी कलिंगडं पाठवली.

आता कामाचं. सोमवारी सकाळी आम्ही विटांची रांग लावली. हातातून हातात वीट. बारा जणांची रांग, फोटोत झकास दिसते. मिस्त्री थापी घेऊन उभे, आणि विटा येताहेत कोरड्या. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते, जोड भुसभुशीत होतो. विटा भिजवायच्या असतात हे चोविसात मला आणि एका इलेक्ट्रिशियनलाच माहीत. त्या दिवशी अकरापर्यंत भिंत एक फूट चढली. आमच्यातला कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, “मिस्त्री, आज पूर्ण उंचीच करू की!” मिस्त्री नुसते हसले. ओली भिंत एका दिवसात पाचेक फुटांच्या वर नेत नाहीत, खालचा मसाला दबतो. ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायचा दोरीचा गोळा, लावून त्यांनी त्या मुलाला त्यानेच रचलेला विटांचा थर दाखवला. ओळंब्याचा गोळा भिंतीपासून बोटभर लांब.

त्याच दिवशी मला लिंबाखाली बायका दिसल्या. सात जणी, डोक्यावर पदर, हातात चुंबळी, नुसत्या बसलेल्या. मला वाटलं बघायला आल्यात. पाणी प्यायला गेले तर त्यातली एक थोराड अक्का मोडक्या मराठीत विचारते,

“बाई, तुम्हाला रोज किती?”

“रोज नाही हो अक्का. आम्ही पैसे भरून आलोय.”

तिने ते मागे वळून कन्नडमध्ये सांगितलं. सगळ्या जणी अशा हसल्या की मिस्त्रींनी वळून पाहिलं. मग कळलं, या इथल्या बिगारी बायका. आठवडाभर ‘सोलापूरची माणसं फुकट करणार आहेत’ म्हणून त्यांना येऊ नका सांगितलं होतं. सातही जणींचा आठवडा बुडाला होता आणि आम्ही त्यांच्याच घमेल्यांनी वाळू उचलत होतो.

यावर मी जरा आवाज चढवला, मान्य. मंगळवारी चौघींना परत बोलावलं, त्यांच्या रोजासह. त्या आल्या आणि कामाचा सूरच बदलला. अक्काने माझ्या डोक्यावर चुंबळ बसवून दिली, घमेलं कसं अर्धंच भरायचं, मान कशी ताठ ठेवायची, वळताना आधी पाय मग अंग कसं फिरवायचं ते दाखवलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ते शिकले. कन्नडमधला शिकलेला पहिला शब्द ‘नीरु’. पाणी. ती दिवसातून पन्नास वेळा ओरडायची, विटांना नीरु, भिंतीला नीरु, गोणपाट गुंडाळलेल्या कॉलमला नीरु.

गुरुवारी पहिल्या खोलीचा स्लॅब. पहाटे सहाला मिक्सर सुरू. साठ-बासष्ट पोती जाणार होती, आणि ऊन चढायच्या आत संपवायचं, कारण मे महिन्यात कालवलेलं काँक्रीट घमेल्यातच आवळायला लागतं. काम रंगात आलं होतं. रांगेत लय बसली, गाणं सुरू झालं, काँक्रीट हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर घरघरतोय. दहाच्या सुमारास आयोजकांपैकी एक जण बॅनर घेऊन वर आला. “दोन मिनिटं फक्त, सगळे इकडे बघा.” दोन मिनिटांची पंधरा झाली. व्हायब्रेटरवाल्यालाही फोटोत घेतलं. मिस्त्री खालून ओरडत होते, ते कौतुकानेच ओरडताहेत असं वाटून कुणीतरी हातही हलवला.

बॅनरवर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा उल्लेख होता. २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेने त्यांना घेऊन स्वयंसेवकांकडून शंभर घरं बांधली, आठवड्याभरात. आमच्या आयोजकांना तोच आठवडा डोळ्यासमोर आहे. माझ्या डोळ्यासमोर मात्र आजीने सांगितलेल्या मिस फरार येतात. सिंथिया फरार, अमेरिकन मराठी मिशनच्या. १८२७ला मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ते त्यांच्याकडे, आणि १८६२ला नगरमध्येच वारल्या. चौतीस-पस्तीस वर्षं. आम्ही रविवार ते रविवार. तुलना बरोबर नाही, कळतं मला, नोकऱ्या आहेत लोकांना. पण स्लॅबवर पाणी साठवायला मातीचे बांध घालून वाफे करताना हेच डोक्यात होतं, कारण मला पोत्यावर छापलेलं वाचायची सवय आहे. आमचं सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, होतं. अशा उन्हात त्या सिमेंटच्या स्लॅबला चौदा दिवस पाणी लागतं. आम्ही शुक्रवार, शनिवार, रविवार तीन दिवस मारणार. उरले अकरा.

रविवारी निरोपाच्या सभेत एकेक जण साक्ष देत होता, म्हणजे आपला अनुभव सांगत होता. डोळ्यात पाणी, गळ्यात गळे. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच विचारलं, “उद्यापासून स्लॅबला पाणी कोण मारणार?” सभा गप्प. कुणीतरी म्हणालं, मिस्त्री बघतील. मिस्त्री सोमवारी वळसंगच्या कामावर निघणार होते.

बसमध्येच मी ग्रुपवर हिशेब टाकला. अक्काचा रोज ३५० प्रमाणे अकरा दिवस, ३,८५०. टँकर ९००. माणशी २५० रुपये काढा. चोवीसपैकी एकोणीस जणांनी दिले, ४,७५०. नेमके बसले. दुसरा टँकर लागला, तो मिस्त्रींनी उधारीवर आणवला आणि नंतर सरपंचांनी भागवला. आयोजकांनी ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पाठवले. त्यांचे २५० अजून यायचेत.

सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचे तात्पुरते टेकू, काढायच्या दिवशी मी आणि तो कॉलेजचा मुलगा एसटीने गेलो. स्लॅबखाली पहिल्यांदा उभं राहिलं की वर बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही. चांगला उतरलाय. अक्काने सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मोडू दिलं नव्हतं. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर जागेत खडी उघडी पडलीय, मधाच्या पोळ्यासारखी. बॅनर धरला होता तोच कोपरा. मिस्त्रींनी खिळ्याने टोकरून पाहिलं, सैल खडी झटकली, मसाला भरून घेतला आणि म्हणाले, “बाई, धोका नाही. पण दिसत राहणार.” मुलगा बराच वेळ त्याकडे बघत होता. मग त्याने मोबाइल काढला आणि तेवढ्याच कोपऱ्याचा फोटो घेतला.

तर तीन तारे. एक मिस्त्रींचा, एक बसच्या मागच्या उपासनेचा, एक कडक भाकरीचा. अक्काला मी तारा देणारी कोण.

डिसेंबरची बॅच निघतेय, दुसऱ्या खोलीचा स्लॅब आणि स्वच्छतागृहं. मी नाव दिलंय, तीन अटी घालून: बिगारी बायकांना पहिल्या दिवसापासून कामावर ठेवायचं, टी-शर्ट नाहीत, आणि क्युरिंगचे, म्हणजे पाणी मारायचे, पैसे निघायच्या आधी जमा. दोन मान्य झाल्यात. टी-शर्टवर अजून चर्चा चालू आहे. जाणार असाल तर बंद बूट न्या, चप्पल नको. चुंबळीला जुनं सुती लुगडं न्या, टॉवेल सरकतो. आणि स्लॅबच्या दिवशी कुणी वर बॅनर घेऊन आलं तर त्याच्या हातात घमेलं द्या.