निक सेबनची वाट की डीऑन सँडर्सची?

अमेरिकेत शाळकरी अमेरिकन फुटबॉलपटूंना कॉलेजकडे खेचायच्या दोन वाटा मला ठळक दिसतात.

अलाबामा विद्यापीठात प्रशिक्षक निक सेबन यांनी २००९ ते २०२० दरम्यान सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०२१च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) तर पहिल्याच फेरीत अलाबामाचे ६ खेळाडू निवडले गेले. मुलाच्या आईवडिलांना आणखी काय पटवायचं?

दुसरी वाट एका माणसाच्या वलयाची. जॅक्सन स्टेट हे मिसिसिपीतलं, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ, खालच्या श्रेणीत खेळणारं. तरीही डिसेंबर २०२१मध्ये देशातला अव्वल शाळकरी खेळाडू मानला गेलेला ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेटला दिलेला शब्द फिरवून तिथे गेला. तो कॉर्नरबॅकही (प्रतिस्पर्ध्याचे पास अडवणारा) खेळायचा आणि रिसीव्हरही (पास झेलणारा). तिथले प्रशिक्षक डीऑन सँडर्स स्वतः हॉल ऑफ फेममधले, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीतले, कॉर्नरबॅक. असा गुरू सोडवतो कुणाला? ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

पण २०२२ संपता संपता सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठाला गेले, पाठोपाठ हंटरही. २०२४ची हाइजमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, हंटरने तिथेच जिंकली. जॅक्सन स्टेटच्या वाट्याला त्याचा एकच हंगाम आला.

म्हणून माझा कौल अलाबामाच्या वाटेला. छोट्या कॉलेजने मात्र सँडर्ससारखा प्रशिक्षक मिळत असेल तर जरूर आणावा, फक्त त्याच्या मुक्कामातच स्वतःची घडी बसवून घ्यावी.