फोंतने मठाचं एमडीएफ मॉडेल (१:२००): छताचा क्रम बदला, मग उत्तम

फ्रान्सच्या बर्गंडीतल्या फोंतने मठाचं हे लेझर-कट किट सोलापुरात ऑर्डरप्रमाणे कापून मिळतं. किंमत १,४५० रुपये. ३ मिमी एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या) सहा शीट, छतांसाठी पांढरं कार्ड आणि तळपाट. आर्किटेक्चरच्या मुलांनी जरूर घ्यावं, पण दोन-तीन दुरुस्त्या करून.

मापं चोख आहेत. मूळ चर्च ६६ मीटर, इथे ३३ सेंमी. दक्षिणेला वाड्याच्या चौकासारखा चौक, चारी बाजूंनी ओवऱ्या. पूर्वेला खाली साधूंचं सभागृह, वर सामायिक शयनगृह. तिथून रात्रीच्या प्रार्थनेसाठी साधू जिन्याने थेट चर्चमध्ये उतरत, आणि नेमका तो जिनाच किटमध्ये नाही! शयनगृह चर्चला खेटून का बांधलं, हे त्याशिवाय कळतच नाही. १ मिमी पुठ्ठ्याच्या पट्ट्या थोड्या मागे सरकवत एकावर एक चिकटवा. या प्रमाणात एक पट्टी म्हणजे २० सेंमीची पायरी.

खरी कसोटी छताची. चर्चच्या मधल्या दालनावर टोकदार कमानीचं सलग छत आहे, बाजूच्या दालनांवर त्याला काटकोनात छोटी आडवी कमानदार छतं. मधल्या छताचा बाहेरचा रेटा हीच आडवी छतं पेलतात. माहितीपत्रकात मात्र मधलं छत आधी लावायला सांगितलंय. तसं केलं की वाकवलेलं कार्ड सरळ व्हायला बघतं आणि भिंती फाकतात. आधी आडवी छतं लावा, फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्या, मग मधलं. जळक्या कडा पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर काजळी कार्डवर उमटते आणि जोडही कच्चा राहतो. खाचा किंचित सैल आहेत. तिथे कागदाची पट्टी घाला. फेव्हिक्विकने पांढरे डाग पडतात.

पैसे वसूल होतात ते किटमधल्या दुसऱ्या संचात, म्हणजे गिरणीच्या शेडमध्ये. १११८ साली स्थापन झालेला हा मठ फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विकला गेला आणि तिथे कागदाची गिरणी आली. १८२० मध्ये ती माँगोल्फिए घराण्याकडे गेली. १९०६ मध्ये ल्योंचे बँकर एदुआर एनार यांनी मठ विकत घेऊन जीर्णोद्धारासाठी गिरणीच्या शेड पाडल्या. या शेड किटमध्ये सुट्या आहेत, मठावर ठेवायच्या आणि उचलायच्या. सोलापुरात, म्हणजे १८७७ च्या जुन्या गिरणीच्या शहरात, हा संच हाताळताना प्रश्न पडतोच: कामगारांनी घाम गाळलेलं शतक पुसून टाकणं म्हणजे जीर्णोद्धार का? शेडना वेगळा रंग द्या, म्हणजे दोन्ही काळ एका नजरेत दिसतात.

भट्टीघर मात्र फसलंय. मूळ इमारत ५३ मीटर लांब; पाण्याच्या जोरावर तिथे लोखंड ठोकायचे हातोडे चालत. तळपाटात पाण्याचा पाटच कापलेला नाही, त्यामुळे ते गोदाम वाटतं. गिरणीलाही वाहतं पाणीच लागायचं. ऑर्डर देतानाच भट्टीघराला लागून ४ मिमी रुंद खाच कापून मागा. तळपाट एकदा चिकटला की ती नीट कापता येत नाही.