टॅबचा आवाज पुरत नाही: सेटिंग, वायर की ब्लूटूथ?

गोव्यात डिचोलीला काकांच्या पडवीवर पत्रे आहेत. पावसाची सर आली की टॅबवर भजनीबुवांचं तोंड हलताना दिसतं, ऐकू काही येत नाही. "नवा टॅब घेऊ की स्पीकर?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी फुकटातलं बघू.

अँड्रॉइडवर आवाजाचं बटण दाबलं की पट्टी येते. तिथल्या ठिपक्यांवर किंवा छोट्या चिन्हावर टिचकी मारली की मीडिया, कॉल, रिंग, अलार्म अशा वेगळ्या पट्ट्या उघडतात. भजन मीडियात मोडतं. काका रिंगची पट्टी चढवत बसले होते. आयपॅडवर पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढा, तिथे पट्टी मिळते. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंना सगळंच ऐकू येतं. स्पीकरच्या जाळीत धूळ बसली असेल तर मऊ, कोरडा ब्रश फिरवा. टाचणी अजिबात नको.

आवाज वाढवून देणारी बूस्टर अ‍ॅप माझ्या मते बादच. मूळ आवाज फुगवताना तो फाटतो आणि इवलासा स्पीकर बिघडू शकतो.

आता खरी निवड. टॅबच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. चतुर्थीची घुमट आरती लावून पाहा: कासाळं (झांज) खणखणतं, शामेळ हा ढोलही थोडाफार कळतो, पण घुमटाचा, म्हणजे त्या मातीच्या वाद्याचा, तो घुमणारा ठोका कुठे जातो कोण जाणे. पट्टी शंभर टक्के केली तरी तो येत नाही. त्याला आत मोठा थरथरणारा पडदा असलेला बाहेरचा स्पीकरच लागतो. खोक्यावरच्या वॉटवर मात्र भाळू नका. दुप्पट वॉट म्हणजे आवाज जेमतेम ३ डेसिबल (आवाज मोजायचं माप) जास्त. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

वायरचा स्पीकर काकांसारख्यांना बरा. पिन खुपसली की वाजतो, जोडणीची भानगड नाही. फक्त घेण्याआधी टॅबला ३.५ मिमीचं भोक आहे का बघा. २०२१ च्या नवव्या पिढीच्या आयपॅडला ते होतं, २०२२ च्या दहाव्या पिढीपासून गेलं. मग यूएसबी-सी अ‍ॅडाप्टर घ्यावा लागतो, आणि तो तिसऱ्या दिवशी हरवतो.

ब्लूटूथ घरभर फिरवता येतो आणि आरतीला मखराशेजारी ठेवता येतो. गोव्यातल्या पावसात आयपीएक्स७ लिहिलेला घ्यावा. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. त्याचे हट्टही आहेत. पडद्यावरचा पियानो वाजवला तर सूर बोटामागून येतो. कधी टॅबची आणि स्पीकरची पट्टी वेगवेगळी असते, एक खाली राहिली की दुसरी कितीही चढवा. अँड्रॉइडवर तरीही जमेना तर सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्स या लपवलेल्या यादीतलं 'अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा' हे एकदा करून पाहावं. आणि एक दिवस काकांचा टॅब मुका झाला. तासभर खटपट केली. भजन बंद दारामागे, देवघरातल्या स्पीकरवर खुशाल चाललं होतं! तेव्हापासून टॅब गप्प झाला की मी पहिल्यांदा ब्लूटूथ बंद करतो.

हेडफोन रात्री एकट्याने ऐकायला उत्तम, पण पावसाशी स्पर्धा करत आवाज चढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ही मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल.

काकांनी वायरचाच घेतला. चतुर्थीला ब्लूटूथवाला पुतण्याकडून मागून आणणार आहेत.