निनोच्का लावू की फिलाडेल्फिया स्टोरी? जुनी हॉलिवूड कॉमेडी निवडताना

घरी चार मंडळी जमवून किंवा फिल्म क्लबमधे जुनी हॉलिवूड कॉमेडी दाखवायची म्हटलं की नावं फिरून फिरून तीच येतात आणि गाडी बहुतेक वेळा या दोघांपाशी अडते, एमजीएम स्टुडिओचा १९३९चा 'निनोच्का' आणि त्याच एमजीएमचा १९४०चा 'द फिलाडेल्फिया स्टोरी'. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, दोन्ही दोन तासांच्या आत संपणारे, दोन्हीत ताठ मानेची बाई आणि तिला वाकवायला निघालेले पुरुष. मग कुठलाही लावा की, असं वाटेल. पण हे पिक्चर त्या वेळी विकले कसे गेले ते माहीत असेल तर निवड सोपी होते, कारण दोन्हीकडे स्टुडिओ नुसता पिक्चर विकत नव्हता, पब्लिकच्या मनातून उतरलेली एकेक हिरॉइन परत बाजारात आणत होता.

झालं काय होतं, तर १९३८च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या थिएटर मालकांच्या एका संघटनेने 'हॉलिवूड रिपोर्टर'मधे चक्क जाहिरात दिली की हे हे स्टार्स म्हणजे बॉक्स ऑफिसला विष आहेत, मानधन भरमसाट आणि तिकीटबारीवर शुकशुकाट. त्या यादीत जोन क्रॉफर्ड, मार्लेन डिट्रिश, मे वेस्ट, अगदी फ्रेड अस्टेअरसुद्धा होता. आणि 'निनोच्का'ची ग्रेटा गार्बो आणि 'फिलाडेल्फिया'ची कॅथरीन हेपबर्न या दोघीही होत्या.

गार्बोचं दुखणं वेगळं होतं. मुलाखत नाही, सही नाही, प्रीमियरला यायचं नाही, आणि स्टुडिओने हा तिचा स्वभावच गूढ म्हणून विकला होता. पण तिची खरी कमाई युरोपातून यायची, अमेरिकेत लोक तिच्या रडक्या, मरणाऱ्या नायिकांना कंटाळले होते (आणि पिक्चर थिएटरात यायच्या आधीच, सप्टेंबर १९३९मधे, युद्ध पेटलं म्हणजे युरोपचं गिऱ्हाईकही गेलंच). अशा वेळी तिला कॉमेडीत टाकलं, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच, लिहिणाऱ्यांत बिली वाइल्डर, आणि पोस्टरवर फक्त दोन शब्द, 'गार्बो लाफ्स!' १९३०मधे 'ॲना क्रिस्टी' या तिच्या पहिल्या बोलपटाला 'गार्बो टॉक्स!' म्हणून जाहिरात केली होती तीच परत चालवली. वर पिक्चरचं नाव उच्चारायला अवघड आहे हे ओळखून 'उच्चारू नका, बघा' अशीही एक ओळ सोडून दिली. मला तर ही जाहिरात म्हणजे निव्वळ बदमाशी वाटते, कारण गार्बो आधीच्या पिक्चरमधेही हसलीय, पण कुणाच्या लक्षात राहिलं होतं?

आणि बदमाशी कामाला येते, कारण पिक्चर बघणारा प्रत्येक माणूस ती कधी हसतेय याची वाट बघत बसतो आणि लुबिचला हे पक्कं ठाऊक आहे. ती सोव्हिएत सरकारची करडी अधिकारी, दागिने विकायच्या कामावर पॅरिसला आलेली, आणि तिच्या प्रेमात पडलेला पॅरिसचा रंगेल काउंट, म्हणजे मेल्विन डग्लस, तिच्यामागे एका साध्या कामगारांच्या खानावळीत येऊन बसतो आणि जोकवर जोक सांगतो. त्यातला एक असा की गिऱ्हाईक म्हणतं साय न घातलेली कॉफी आण, वेटर म्हणतो साय संपली साहेब, दूध न घातलेली चालेल का? आजूबाजूचे कामगार हसतात, ही ढिम्म. वैतागून तो मागे रेलतो आणि खुर्चीसकट धाडकन आपटतो, आणि मग बाई जी फुटते ती थांबतच नाही, टेबलावर हात आपटून हसते. आधी तो चिडतो, मग तोही हसायला लागतो. एवढी जाहिरात झालेली गोष्ट एका पडण्यावर आणली हे मला फार आवडतं.

त्याच्यापुढचा टोपीचा प्रकार तर अजून भारी. आल्या आल्या तिने हॉटेलच्या शोकेसमधे एक चमत्कारिक टोपी बघून नाक मुरडलेलं असतं की जिथे बायका असलं काही डोक्यावर घालतात तो समाज टिकायचा कसा. खानावळीनंतर ती खोलीतल्या तीन कॉम्रेड्सना बाहेर घालवते, दाराला कडी लावते आणि ड्रॉवरमधून काय काढते, तर तीच टोपी. कधी घेतली ते दाखवतच नाहीत. आरशासमोर बसून ती टोपी घालून बघते, एक शब्द नाही.

आता हेपबर्न. तिच्यावर पब्लिकचा राग होता तो ती शिष्ट आहे म्हणून. यादीच्या सुमारालाच आरकेओ या तिच्या स्टुडिओने तिला असला काही फालतू रोल देऊ केला की तिने सरळ पैसे भरून काँट्रॅक्टमधून स्वतःला सोडवून घेतलं आणि गेली ब्रॉडवेला. तिथे फिलिप बॅरीने तिच्यासाठीच 'फिलाडेल्फिया स्टोरी' हे नाटक लिहिलं, हॉवर्ड ह्यूजने त्याचे पिक्चरचे हक्क घेऊन तिला दिले, नाटक चाललं, आणि मग एमजीएमचा प्रमुख लुई बी. मेयर दारात आला तेव्हा पत्ते हिच्या हातात. हक्क विकले पण हिरॉइन मीच आणि दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर हे ठरवूनच. हिरो म्हणून तिने क्लार्क गेबल आणि स्पेन्सर ट्रेसी मागितले होते, मिळाले कॅरी ग्रँट आणि जेम्स स्टुअर्ट, आणि नावांच्या पाटीवर पहिला नंबर ग्रँटचा. एकटीच्या नावावर पोस्टर नको, दोन्ही बाजूला दोन लाडके हिरो उभे करा, असा हा विमा.

पण खरी जाहिरात पिक्चरच्या आतच आहे. सुरुवातीला एक शब्द न बोलता सीन आहे, ती नवऱ्याचं सामान घराबाहेर फेकते, त्याची गोल्फ स्टिक गुडघ्यावर मोडते, तो मूठ उगारतो आणि मग तिच्या तोंडाला पंजा लावून तिला मागे ढकलून देतो. १९४०च्या थिएटरात हेपबर्नला कुणीतरी धडा शिकवावा असं वाटणाऱ्यांचं समाधान पहिल्या दोन मिनिटांत! पुढे जो तो तिला देवी म्हणून, थंड म्हणून, मूर्ती म्हणून टोमणे मारतो, म्हणजे लोक जे बाहेर बोलत होते तेच संवादात घातलं आणि शेवटी तिला माणसात आणलं. हुशारी म्हणून दाद द्यावीच लागते. फक्त आज बघताना हे टोचतं. बाप स्वतः बाहेर भानगड करतो आणि वर लेकीला ऐकवतो की तू प्रेमळ असतीस तर ही वेळ आली नसती, तेव्हा माझ्याबरोबर बघणाऱ्या बायकांनी एकजात 'ह्याला काय झालंय' केलंय, आणि मला तरी त्यावर उत्तर नाही.

निनोच्कातही खोट आहेच. ती मॉस्कोला परतल्यावर पिक्चर बसायला लागतो, खोलीत सगळ्यांनी आपापलं अंडं आणून ऑम्लेट करायचा सीन सोडला आणि पॅरिसहून आलेलं ते पत्र, ज्यात मायना आणि सही सोडून सगळं सेन्सॉरने काळं केलेलं असतं, ते सोडलं तर शेवट घाईघाईत उरकलाय. शिवाय राजकारण आहे. स्टॅलिनची टिंगल आहेच, आणि १९४८च्या इटलीच्या निवडणुकीत कम्युनिस्टांविरुद्ध प्रचार म्हणून हा पिक्चर गावोगाव दाखवला गेला. तुमच्या ग्रुपमधे कट्टर डावे असतील तर नंतर चहा लांबेल एवढं लक्षात ठेवा.

ऐकायला निनोच्का सोपा. गार्बो सावकाश, तुटक बोलते, जोक पोचायला वेळ मिळतो. फिलाडेल्फियात सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, सबटायटल्सशिवाय लावूच नका, आणि श्रीमंतांच्या घरातल्या लग्नाच्या भानगडी, नातेवाईक, घटस्फोटित नवरा (ग्रँट), पत्रकार (स्टुअर्ट) हे सगळं ध्यानात यायलाच पहिला अर्धा तास जातो. पण स्टुअर्ट दारू पिऊन रात्री ग्रँटच्या घरी येतो तो सीन मात्र पैसावसूल, मधेच स्टुअर्ट न सांगता उचकी देतो आणि ग्रँट हसू दाबत 'एक्सक्यूज मी' म्हणतो, ते तसंच ठेवलंय. ऑस्कर त्या वर्षी स्टुअर्टला मिळालं, जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता तिला नाही.

म्हणून मला विचाराल तर दोनातला निनोच्का. अभिनयाचे शौकीन, नाटकवाली मंडळी असतील तर फिलाडेल्फिया, त्यांना तीन जणांची जुगलबंदी आवडेल.

आणि ज्यांनी आयुष्यात एकही ब्लॅक अँड व्हाइट इंग्लिश पिक्चर बघितला नाही अशांना बसवायचं असेल तर या दोघांनाही बाजूला ठेवा आणि कोलंबियाचा १९३४चा 'इट हॅपन्ड वन नाइट' लावा. गेबल एमजीएमकडून आणि क्लोडेट कोलबर्ट पॅरामाउंटकडून उसने आणलेले, सुरुवातीला धंदा बेताचाच, मग तोंडी प्रसिद्धीवर चालला आणि पाचही मोठी ऑस्कर घेऊन गेला. आपल्याकडे तर जाहिरातीचं निम्मं काम आधीच झालंय, १९५६चा राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' आणि १९९१चा 'दिल है के मानता नहीं' त्याच्यावरूनच आलेत हे नुसतं सांगा. हेपबर्न आणि ग्रँटचाच 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८, आरकेओ) लोक सुचवतात, बिबट्या आहे, कुत्रा आहे, धुमाकूळ आहे, पण आला तेव्हा आपटला होता आणि नवख्या माणसाला तो गोंधळ दमवतो, तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठेवा.

व्हॉट्सॲपवर निरोप टाकताना 'अजरामर कलाकृती' वगैरे लिहू नका, अर्धे लोक तिथेच कटतात. निनोच्का असेल तर खुर्चीवरून पडणाऱ्या डग्लसचा फोटो टाका आणि 'ही बाई हसते का बघा' एवढंच. जेवणाची वेळ मात्र ठळक लिहा.